कौलांतली कार्डं

मांडवीचे चाचा आणि चाची यांच्यामुळे मी आज कामाला आहे. हे आधी लिहून टाकतो. पुढचं सांगायला लागलो की माझी गडबड होते, मधलंच आधी येतं, आणि ज्यांनी हात दिला ती माणसं कुठेतरी शेवटी राहून जातात. चाचांनी मला काम शिकवलं. चाचींनी त्या शिकवण्याला कडाडून विरोध केला आणि तरीही मला जेवू घातलं. दोघांतले कोणाचे उपकार मोठे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी मूळचा मिरजेचा. वडिलांचा टांगा होता, स्टेशनाबाहेर उभा असायचा. टांगा कलंडून त्यांच्या पाठीला मार बसला तेव्हा मी सहावीत होतो. शाळा सुटली ती सुटलीच. काही वर्षं टांगा मी हाकला, मग घोडाही थकला. आंब्याच्या हंगामात रत्नागिरीला माणसं लागतात असं एका ट्रकवाल्याने सांगितलं, आणि एकोणिसाव्या वर्षी मी आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या मांडवी बंदराला आलो. ही पन्नास सालानंतरची गोष्ट. तिथे एका आंबेवाल्याच्या वखारीत मी पेट्या भरायला लागलो.

वखारीत माझं नाव कोणी विचारलं नाही. घाटावरून आलेला म्हणून ‘घाटी’. सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी भात. ज्वारीच्या भाकरीची आठवण इतकी यायची, की पेटीत घालायच्या पेंढ्यातही मी घरच्या कडब्याचा वास शोधायचो. काम मात्र हाताला लवकर बसलं. फळ लहान-मोठं वेगळं करायचं, पेंढ्याची गादी करायची, थर लावायचे, आणि सगळ्यांत वरच्या थरात प्रत्येक आंब्याचा लाल गाल वर ठेवायचा. मालक म्हणायचे, “पेटी उघडली की आंब्याने गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघितलं पायजे.” ते माझ्या हातात इतकं मुरलं, की काहीही खाली ठेवताना त्याची चांगली बाजू आपोआप वर यायची. भाकरीसुद्धा मी भाजलेली बाजू वर करून ठेवायचो. हे सांगायचं कारण पुढे येईल.

पेटीला खिळे मारून झाले की मला घोर लागायचा. एखादं डागी फळ आत गेलं तर? मग पुन्हा खिळे उपटायचे, थर काढायचे, पुन्हा भरायचे. बाकीचे हसायचे. “घाट्याच्या पेटीचं लग्न दोनदा लागतं,” असं म्हणायचे. मालक एकदा तापले आणि म्हणाले, असंच चाललं तर पुढच्या ट्रकने घरी पाठवीन. ते ऐकल्यापासून मी आणखीच तपासायला लागलो.

वखारीसमोर, गल्लीच्या पलीकडे, एक चिऱ्याचं घर होतं. त्याच्या ओट्यावर भर उन्हात शाल पांघरून एक गृहस्थ बसलेले असायचे. खोकायचे. वखारीतली माणसं त्या बाजूने जाताना तोंडावर पंचा धरायची. “मुंबईचा आजार हाय तो. फुप्फुसाचा. त्या ओट्याची सावलीपण घ्यायची नाय,” असं मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

एके दुपारी, ट्रक यायचा होता आणि हाताला काम नव्हतं तेव्हा, त्या ओट्यावरून हाक आली.

“ओ घाटी! इकडं ये. लांबच बस, पण ये.”

गेलो. पायरीवर बसलो.

“तू प्रत्येक पेटी दोनदा का उघडतोस?”

मला वाटलं, यांनी मालकाला सांगितलं तर माझं संपलं. “भ्या वाटतं,” म्हणालो.

“कसलं?”

“चुकीचं.”

ते हसले, हसता हसता खोकले, आणि खोकला थांबल्यावर म्हणाले, “आमच्या घराण्यात सगळे दर्यावर्दी. आजा तांडेल होता, भाऊ जहाजावर हायेत. समुद्राला भ्यालेला मी एकटाच. म्हणून मला कचेरीत घातला. भित्र्या माणसाचं एक काम असतं बघ मुंबईत. शिकतोस?”

ते चाचा. सगळी गल्लीच त्यांना चाचा म्हणायची, मीही म्हणायला लागलो.

त्यांचं काम काय होतं ते मला कळायलाच आठवडा गेला. मुंबईत ते एका मोठ्या कचेरीत कामाला होते. तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक जाड कागदाचं कार्ड, आणि गिऱ्हाइकाचा नंबर त्या कार्डावर भोकं पाडून घातलेला. अशी कार्डं ढिगांनी. ती नंबराच्या क्रमाने लावायला विजेवर चालणारं एक यंत्र होतं. त्याला दहा कप्पे, शून्य ते नऊ. यंत्र भोक बघून कार्ड त्या त्या कप्प्यात टाकतं. “म्हणजे यंत्रच सगळं करतं,” मी म्हणालो. चाचा म्हणाले, “यंत्राला एका वेळी एकच आकडा दिसतो. बाकीची अक्कल त्याच्यापुढं बसलेल्या माणसाची.” त्या यंत्रापुढच्या खुर्चीत चाचा बसायचे.

आता खुर्ची रिकामी होती. आजारामुळे ते घरी आले, रजा संपली, आणि साहेबांनी सांगून ठेवलं होतं: कामाला माणूस तर लागणार. तुम्ही कोणाला शिकवून धाडलंत तर तो बदली म्हणून बसेल आणि तुम्ही बरे होऊन आलात की उठेल. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या आत कोणी आलं नाही, तर आम्ही आमचा माणूस कायमचा बसवू. म्हणजे चाचांची खुर्ची राहते की जाते ते त्या हंगामावर होतं.

हे मी चाचांकडून ऐकलं नाही. चाचींकडून ऐकलं. त्या दारात उभ्या राहून, मी समोर असताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आपली खुर्ची लोक पोराबाळांना देतात. ह्यांनी घाट्याला द्यायची ठरवली! माझ्या बहिणीचा मुलगा मॅट्रिक होऊन बसलाय, तो डोळ्यांना दिसत नाय.”

“दिसतो ना,” चाचा म्हणाले. “चांगला दिसतो. तो बसला तर उठेल काय?”

“न उठायला काय झालं?”

“आपला माणूस एकदा बसला की बसलाच. त्याला उठवायला गेलो तर तू बहिणीला तोंड कसं दाखवशील? ह्याला उठवला तर काय तुटतंय?”

“आणि हा उठेल कशावरून?”

“ह्याला बसायचीच भीती वाटते बघ. उठायला एका पायावर तयार असेल.”

चाचींनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “काय रे, उठशील?”

“उठीन,” मी म्हणालो. “चाचा दारात दिसले की उठीन. आईशप्पथ.”

“तुझी आई मी कुठं बघितलीय,” म्हणत त्या आत गेल्या. थोड्या वेळाने तांदळाची भाकरी आणि आंब्याचं लोणचं ताटलीत घालून बाहेर आल्या आणि ताटली माझ्यापुढे आपटली. चाचांचा पेला आणि ताट वेगळं होतं, दाराजवळच्या खुंटीखाली. माझी ताटली घरातल्या फळीवरची होती. ती खायची की नाही, याचा मी किती विचार केला ते लिहायची लाज वाटते. आजाराची भीती होती. वखारीत कोणी बघितलं तर काय म्हणतील तीही होती. पण भूक होती, आणि कितीतरी दिवसांनी कोणीतरी भाकरी पुढे ठेवली होती. खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. चाचांनी मुंबईहून रद्दीतली कार्डं आणली होती. त्यांच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी शाईने तीन-तीन आकड्यांचे नंबर घातले, इंग्रजीत, कारण कचेरीत तेच चालायचे. यंत्र कुठून आणणार? छपराची जुनी अर्धगोल कौलं परसात पडली होती. ती दहा धुऊन ओट्यावर ओळीने उताणी मांडली. कार्ड कौलात बरोबर बसायचं आणि समुद्राचा वारा ते उडवू शकत नसे. प्रत्येक कौलावर खडूने आकडा.

पहिला धडा शोधायचा. विस्कटलेला गठ्ठा हातात देऊन म्हणाले, “चारशे सतरा काढ.” मी एकेक कार्ड उलटत बसलो. मग क्रमाने लावलेला गठ्ठा घेतला आणि म्हणाले, “आता बघ.” मधोमध उघडला. पाचशे काहीतरी निघालं. वरचा भाग ठेवला, खालचा अर्धा गठ्ठा सरळ बाजूला टाकला. राहिलेला पुन्हा मधोमध उघडला, पुन्हा निम्मा बाजूला. बघता बघता चारशे सतरा त्यांच्या बोटांत होतं.

मी बाजूला टाकलेले निम्मे गठ्ठे उचलून तपासायला लागलो.

“काय करतोस?”

“त्याच्यात न्हाई ना, ते बघतो.”

“क्रम लावलाय ना? मग त्याच्यात असेलच कसं?”

“पन कुनी चुकीचं लावलं असंल तर?”

“मेल्या, क्रमावर भरवसा नसेल तर क्रम लावायचा कशाला! लावताना हवा तेवढा घाबर. लावून झाल्यावर घाबरायचं नाय.”

हे वाक्य मला नुसतं ऐकूनच बरं वाटलं. जमलं मात्र नाही. कितीतरी दिवस मी बाजूला टाकलेला गठ्ठा त्यांची नजर चुकवून चाळायचो.

दुसरा धडा क्रम लावायचा. त्याने मला रडकुंडीला आणलं. मी आपला सरळ विचार केला: आधी शेकडे बघायचे, शंभरांची एक रास, दोनशेंची एक. आंबेही तसेच लावतात, मोठा फरक आधी. चाचा म्हणाले, तसं केलंस तर प्रत्येक राशीत पुन्हा दहा राशी, त्या दहांत पुन्हा दहा, एवढी कौलं कुठून आणशील? यंत्राला कप्पे दहाच. म्हणून उलटं जायचं. सगळ्यांत शेवटचा आकडा आधी. त्यावर कार्डं दहा कौलांत टाकायची, शून्यापासून नऊपर्यंत गोळा करायची. मग मधल्या आकड्यावर तसंच. मग पहिल्यावर. तीन फेऱ्या, आणि क्रम आपोआप लागतो.

“आपोआप कसा लागंल?” मला पटेना. शेवटच्या आकड्याला काय किंमत? कोणाला पाचशे एकवीस आंबे द्यायचे तर शेवटच्या एकाकडे कोण बघतो?

त्यांनी तीनच कार्डं घेतली. पाचशे एकवीस, तीनशे चोवीस, तीनशे एकोणीस. शेवटच्या आकड्याने लावली: एक, चार, नऊ. तशीच राहिली. मधल्या आकड्याने लावली: एकाच्या कौलात तीनशे एकोणीस, दोनाच्या कौलात आधी पाचशे एकवीस, मग तीनशे चोवीस. गोळा केली. मग पहिला आकडा: तिनाच्या कौलात आधी एकोणीसवालं पडलं, त्यानंतर चोवीसवालं, आणि पाचाच्या कौलात पाचशे एकवीस. “झालं. ह्या फेरीत मी मधल्या आकड्याकडे बघितलं काय? नाय. तरी एकोणीस चोवीसच्या आधी आलं. का? मागच्या फेरीने लावून ठेवलेलं मी मोडलं नाय म्हणून. ह्या कामात मागच्याचं मोडायचं नाय, एवढंच हाय.”

मला ते दिसलं. खरंच, डोळ्यांना दिसलं, जसं भरती ओसरल्यावर खडक दिसतो. आणि मी आनंदाने अख्खा गठ्ठा घेऊन बसलो, आणि तीन फेऱ्या केल्या, आणि क्रम लागला नाही.

पुन्हा केलं. नाही लागला. तीनशे चोवीस आधी, तीनशे एकोणीस नंतर. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. आकडे मी बरोबर वाचत होतो, कौलं चुकत नव्हती. चाचा थकून गेले. एकदा खोकल्याची उबळ अशी आली की चाचींनी त्यांना आत नेलं, आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, “तुझ्यापायी माणूस जायचा माझा. बोटी बंद व्हायला आल्या. माझा भाचा एव्हाना शिकून मोकळा झाला असता.” माझ्या मनात तेच चाललं होतं. माझ्यासारख्याच्या हातात त्यांनी खुर्ची दिली होती आणि माझ्या हातून ती जाणार होती. वखारीत त्या आठवड्यात मी पेट्या तीन-तीनदा उघडल्या.

चूक चाचींनी पकडली. त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या, आणि मी चाचांसमोर पुन्हा एकदा कार्डं टाकत होतो.

“हा कार्डं ठेवतो बघा कशी,” त्या म्हणाल्या. “जशी काय गिऱ्हाइकाला दाखवायचीत. लाल गाल वर!”

चाचा ताठ बसले. माझा हात हवेतच राहिला. कार्ड कौलात पालथं टाकायचं, नंबर खाली, असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी पहिली दोन-चार पालथी टाकायचो, आणि मग हात आपल्या वळणावर जायचा. प्रत्येक कार्ड सुलटं, नंबर वर. सुलट्या कार्डावर सुलटं पडत गेलं की आधीचं तळाशी जातं आणि शेवटचं वर येतं, म्हणजे प्रत्येक कौलातला क्रम उलटा होतो. मागच्या फेरीने लावलेलं मी पुढच्या फेरीत मोडत होतो, आणि मोडत होतो ते आंबेवाल्याच्या हाताने.

चाचा हसायला लागले. “ओ बाई, तूच का नाय जात मुंबईला?”

“भाकऱ्या कोण थापेल तुमच्या?” चाची म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या. त्या ओट्यावर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. मग मला म्हणाल्या, “फळ नव्हे ते. पालथं घाल.”

त्यानंतर त्या येता-जाता, चुलीपाशी असल्या तरी, आतून ओरडायच्या, “पालथं!” आणि मी दचकून हात फिरवायचो. तसाच हात बसला. गठ्ठा गोळा करताना शून्याची रास तळाला, नऊची वर, मग अख्खा गठ्ठा उलथायचा, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी ओट्याच्या चिऱ्यावर ठोकून कडा सारख्या करायच्या, टक-टक. हा ठोका चाचांचा. तोही माझ्या हातात आला.

हंगामाच्या शेवटच्या बोटींपैकी एकीने मी मुंबईला गेलो. चाचा धक्क्यापर्यंत आले नाहीत, त्यांना चालवत नव्हतं. चाची ओट्यावरून म्हणाल्या, “बसायला चाललास. उठायला विसरू नको.”

मचव्यातून आगबोटीवर चढताना मी दोन्ही हातांनी दोर धरला, आणि रात्रभर मनात कार्डं लावत राहिलो. कचेरीत साहेबांनी मला यंत्र दाखवलंच नाही. टेबलावर दहा खोकी आणि कार्डांचा एक गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, “हाताने लाव. ज्याला हाताने येत नाही त्याला यंत्रावर बसवत नाही.” ते समोर उभे राहिले. मी पहिलं कार्ड सुलटं टाकलं. दुसरंही. आणि तिसऱ्याला, खोटं वाटेल, पण कानात “पालथं!” ऐकू आलं. दोन्ही कार्डं उचलून फिरवली. एक फेरी, दुसरी, तिसरी. गोळा केलं, उलथलं, टेबलावर ठोकलं, टक-टक. मला गठ्ठा पुन्हा तपासायचा होता. हात पुढे गेला होता. पण लावून झाल्यावर घाबरायचं नाही, म्हणून हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

साहेबांनीही गठ्ठा उघडून बघितला नाही. “हा ठोका ओळखतो मी,” म्हणाले. “कसे आहेत ते?”

मी सांगितलं. मग ते मला खुर्चीपाशी घेऊन गेले. यंत्राच्या एका पायाखाली कापडाची घडी सारलेली होती, हादरे कमी व्हावेत म्हणून. काठ मी ओळखला, चाचींच्या जुन्या लुगड्याचा होता. त्या खुर्चीत बसताना मी पुढच्या कडेवर बसलो. पाठ टेकवली नाही. आजही टेकवत नाही.

पाऊस संपायच्या आधीच चाचांची तब्येत खालावली. क्षयाचं मोठं इस्पितळ मिरजेकडे आहे, तिथे त्यांना नेलं. म्हणजे मी त्यांच्या मुंबईत आणि ते माझ्या मिरजेत. मी आईला कळवलं. आईला लिहायला-वाचायला येत नाही, शेजाऱ्याने वाचून दाखवलं, आणि ती दुसऱ्याच दिवशी भाकरी आणि पिठलं घेऊन चालत गेली. आत सोडेनात, तर व्हरांड्याच्या बाहेर पिंपळाखाली बसून राहिली. चाचांना कोणीतरी खिडकीशी आणलं.

“मी त्याची आई,” तिने खालून ओरडून सांगितलं.

“बरं झालं आलात,” ते वरून म्हणाले. “तुमची शपथ घेतलीय तुमच्या पोराने. बघून घेतो कशी आई हाय ती.”

आई हे सांगताना हसते, आणि मग डोळे पुसते. ती दर बाजारच्या दिवशी जायला लागली. चाचींची आणि तिची तिथेच गाठ पडली. चाची तिला म्हणाल्या, “तुमची भाकरी काळी असते, पण चव हाय.” आई म्हणाली, “आवं, काळी न्हाई, ज्वारीची हाय ती.” त्यांचं तिथून जे जमलं ते जमलं.

चाचांचं ऑपरेशन झालं. एका बाजूच्या बरगड्या काढल्या. ते वाचले. डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईची हवा नको, आणि धुळीचं काम तर नकोच नको. कार्डांच्या खोलीत दिवसभर कागदाची बारीक भुकटी उडत असते. संध्याकाळी माझ्या भुवया पांढऱ्या होतात.

साहेबांनी मला बोलावून म्हटलं, आता तू कायम. मी म्हणालो, ती खुर्ची चाचांची आहे. ते म्हणाले, “त्यांची होती. तू उठलास तर दुसरा कोणी बसेल, ते नाही.” आई-वडिलांचं पोट माझ्यावर होतं. मी कायम झालो. पण त्या दिवसापासून मला घोर लागला, की चाची काय म्हणतील, आणि चाचांच्या नजरेला नजर कशी देऊ.

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या, तसा मी रजा घेऊन मांडवीला गेलो. चाचा ओट्यावरच होते. एक खांदा खाली उतरलेला, सदरा त्या बाजूला पोकळ. मी पायरीवर बसलो, पहिल्या दिवशी बसलो होतो तिथेच.

“काय रं, उठायला आलास?”

“तुम्ही म्हणाल तर आत्ता उठतो.”

“आणि मग कोण बसेल? माझ्या बरगड्या?”

मला हसता आलं नाही. चाची दारात आल्या. मी वाट बघत होतो की त्या काहीतरी लागेल असं बोलतील. बोलल्या असत्या तर हलकं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “त्या खुर्चीचं नाव ह्या घरात काढायचं नाय. जेवायच्या आधी काढलं तर हे दिवसभर जेवत नायत.” आणि माझ्यापुढे ताटली ठेवली, आपटली नाही. ती आपटली नाही याचंच मला जास्त लागलं.

जेवण झाल्यावर चाचांनी हळूच विचारलं, चाचींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, “मोठ्या यंत्राचा तक्ता बघितलास?”

आमच्या कचेरीत आणखी एक यंत्र आहे, काचेच्या खोलीत. ते कार्डं वाचून बेरजा करतं, छापतं. त्याच्या बाजूला भोकांचा एक तक्ता असतो. कुठल्या भोकातून कुठल्या भोकात तार जोडायची त्यावर यंत्र काय करणार ते ठरतं: आधी काय, मग काय, अमुक आकडा आला तर इकडे, नाहीतर तिकडे. म्हणजे काम करायची रीतच माणसाने आधी तारांनी लिहून ठेवायची. चाचांना त्या खोलीत बसवायचं ठरलं होतं, आजारी पडायच्या आधी. मला ते माहीत नव्हतं.

“लांबून बघितला,” मी म्हणालो. “त्यातलं मला काही येत नाही.”

“मलापण नाय,” ते म्हणाले. “एवढी वर्षं त्या काचेबाहेर बसलो.” वखारीच्या बंद दाराकडे बघत होते. ओट्याच्या कोपऱ्यात ती दहा कौलं एकावर एक रचून ठेवलेली होती. खडूचे आकडे पावसाने गेले होते.

परत आल्यावर मी साहेबांना धीर करून विचारलं, मला तक्ता शिकता येईल का. ते म्हणाले, पुस्तक इंग्रजीत आहे, तुझी शाळा सहावी. मी म्हणालो, बघतो. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत काचेच्या खोलीतल्या बाईंच्या शेजारी उभा राहून मी एकेक शब्द विचारत असतो. त्या चिडतात, पण सांगतात. फार हळू चाललं आहे. एक तार चुकली की सगळी बेरीज चुकते, आणि मला जोडलेल्या तारा पुन्हा पुन्हा उपसायची सवय आहे. जे कळतं ते मी मनात दोनदा म्हणतो, एकदा मला कळावं म्हणून, आणि एकदा ओट्यावर कसं सांगीन तसं.

उठायचं वचन दिलं होतं, ते पाळायची वेळच आली नाही. म्हणून आता हे दुसरं, न मागता देतो. तक्ता मला पुरता येईल त्या दिवशी मी रजा टाकून बोटीने मांडवीला येईन. तारा कुठून आणायच्या ते बघू. आंब्याच्या पेट्या बांधायची सुतळीही चालेल. चाचा, मी कौलं मांडीन, तुम्ही लांब बसू नका, जवळ बसा. चाची दारातून चुका काढतील. तुमच्याकडून घेतलेलं मी तिथे, त्याच ओट्यावर, तुम्हाला शिकवून फेडीन.